मारका कोंबडा: ओळखायचा कसा, आवरायचा कसा आणि नाद कधी सोडायचा

कोंबडा अंगावर येण्याआधी बहुतेकदा सांगून येतो. ते आपल्याला वाचता येत नाही, म्हणून हल्ला अचानक झाल्यासारखा वाटतो. आधी तो चरायचं थांबतो. अंग तिरकं करतो आणि एकाच डोळ्याने तुमच्याकडे बघत राहतो. मग एक पंख जमिनीला टेकेल इतका खाली सोडून आखडत्या पावलांनी बाजूबाजूने सरकतो. मध्येच खाली वाकून काहीतरी टिपल्यासारखं करतो, पण चोचीत दाणा नसतो. मानेची पिसं उभी राहतात, डोकं खाली जातं. इथून पुढे तुमच्याकडे एखाद-दोन सेकंदच असतात. धाव, उडी, आणि दोन्ही पाय पुढे. खरा मार पायांचा आणि पायामागच्या काट्यांचा असतो. पंखांचे फटके आणि चोच त्याच्या जोडीला.

ही पायरी-पायरीने चढत जाणारी खूण ओळखता आली की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं काम म्हणजे या प्राण्याशी भांडण जिंकायच्या भानगडीत न पडणं. अंगावर येणाऱ्या कोंबड्याला धडा शिकवायला गेलेली माणसं महिन्याभराने जास्तच मारका कोंबडा घेऊन बसतात. ते का, ते पुढे येईलच.

राखणदार की मारका?

कळपातल्या कोंबड्याने सावध असायलाच हवं. आकाशात घार दिसली की लांब सूर काढणं, दाणा सापडला की तो चोचीत उचलून पुन्हा खाली टाकत ‘कुट् कुट्’ करून कोंबड्यांना बोलावणं, तुम्ही खुराड्याचं दार उघडलं की मध्ये येऊन उभं राहणं, हे त्याचं कामच आहे. त्यावरून त्याला मारका ठरवू नका.

फरक बघायला एक सोपी चाचणी आहे. हातात काही न घेता, पायात मात्र गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून, सावकाश पण सरळ त्याच्या दिशेने चाला. त्याच्याकडे टक लावू नका. त्याच्या पलीकडच्या एखाद्या वस्तूपर्यंत जायचंय असं चाला. नीट वागणारा कोंबडा तुम्ही एक-दीड मीटरवर आलात की कुरकुरत का होईना, वाट सोडतो. शंकेखोर कोंबडा जागेवर थांबतो, तिरका होतो, मग शेवटच्या क्षणी सरकतो. मारका कोंबडा वाट सोडत नाही किंवा उलट पुढे येतो.

चौथा प्रकार सगळ्यात फसवा. समोरून वाट सोडतो आणि तुमची पाठ वळली की मागून धावत येतो. चाचणीनंतर वळून दहा पावलं जा आणि खांद्यावरून मागे बघा. पाठलाग करत असेल तर त्याला मारक्यातच धरा.

असं होतं कशामुळे

पहिलं कारण वय. कोंबडा साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात आरवायला लागतो आणि पाचव्यापासून दहाव्या महिन्यापर्यंत सगळ्यात जास्त खोड्या करतो. अंगात नराचं संप्रेरक भरलेलं असतं आणि कळपात आपली जागा कुठली हे त्याला तपासून बघायचं असतं. दिवस मोठा होत जाण्याच्या काळात हा जोर आणखी वाढतो, कारण कोंबड्यांच्या प्रजननाची घडी उजेडाच्या तासांवर चालते. वर्ष उलटल्यावर काही कोंबडे आपोआप थंडावतात. पण तेवढ्या काळात ज्याने दहा-पंधरा वेळा माणसाला पळवून लावलं, तो सहसा थंडावत नाही. माणूस पळतो हे त्याने शिकून ठेवलेलं असतं.

दुसरं कारण पुष्कळांना पटत नाही: लाड. पिल्लू असताना मांडीवर घेतलेला, हातावर दाणे खाल्लेला नर मोठेपणी जास्त अंगावर येण्याची शक्यता असते. त्याला माणसाची भीती उरत नाही आणि तो माणसाला कळपातलाच एक मोठा पक्षी समजायला लागतो. तलंगांच्या, म्हणजे तरुण माद्यांच्या, बाबतीत हाच लाड फायद्याचा, त्या शांत आणि हाताळायला सोप्या होतात. तेव्हा पिल्लांमध्ये नर-मादी ओळखू येऊ लागले की नरांचे लाड बंद करा. त्यांना हातावर नाही, जमिनीवर दाणे.

तिसरं, कोंबड्यांची संख्या. एका कोंबड्यामागे आठ ते बारा कोंबड्या हे चालणारं प्रमाण आहे. अंगाने भारी जातींना आठ-दहा, हलक्या चपळ जातींना दहा-बारा. तीन-चार कोंबड्यांमागे एक नर ठेवला तर तो त्यांच्या पाठी सोलून काढतो आणि उरलेला जोर तुमच्यावर काढतो.

चौथं, रक्त. स्वभाव बऱ्यापैकी आई-बापाकडून उतरतो. ब्रह्मा, कोचीन, ऑर्पिंग्टन, सिल्की या जाती साधारण शांत समजल्या जातात, तर ऱ्होड आयलंड रेड आणि लेगहॉर्नच्या नरांबद्दल तक्रारी जास्त ऐकू येतात. असीलसारख्या झुंजीच्या जातीचा नर दुसऱ्या नराला जिवंत सोडणार नाही, पण माणसाशी पुष्कळदा मवाळ असतो. जातीवर फार भिस्त ठेवू नका. एकाच अंडवणीतल्या दोन भावांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

आणि पाचवं कारण आधी तपासा, कारण त्याला उपाय सोपा आहे: दुखणं. दोन-तीन वर्षांचा, आजवर शहाण्यासारखा वागलेला कोंबडा एकाएकी बिथरला तर त्याला शिकवण्याआधी बघून घ्या. अंधार पडल्यावर तो काठीवर बसलेला असताना टॉर्च घेऊन जा. तळव्यावर काळी खपली आणि सूज आहे का, गुदद्वाराभोवतीच्या पिसांच्या मुळाशी उवा किंवा गोचीडकिडे आहेत का, बसायच्या काठीच्या फटींत लालसर बारीक किडे चालताना दिसतात का, डोळ्यात पांढरेपणा आहे का. एका डोळ्याने दिसत नसेल तर त्या बाजूने आलेला माणूस त्याला अचानक उगवल्यासारखा दिसतो. अशा वेळी आधी पशुवैद्य, मग बाकीचं.

आधी माणसं सांभाळा

सहा-सात वर्षांखालच्या मुलाचा चेहरा कोंबड्याच्या उडीच्या टप्प्यात असतो. मारका कोंबडा मोकळा असताना लहान मुलांनी कुंपणाच्या आत एकटं जायचं नाही. यात सूट नाही. मोठ्यांनाही धोका वाकताना असतो: अंडी काढताना, पाण्याचं भांडं उचलताना डोळे थेट काट्यांच्या उंचीवर येतात. अंडी काढायची जागा बाहेरून उघडता येईल अशी करून घेतली तर निम्मे प्रसंग टळतात. तोवर वाकण्याचं काम असेल तर साधा सुरक्षा चष्मा लावा.

पायांच्या शिरा फुगलेल्या असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर हा विषय हसण्यावारी नेऊ नका. ऑस्ट्रेलियात अंडी गोळा करणाऱ्या ७६ वर्षांच्या बाईच्या पायावर कोंबड्याने चोच मारली, फुगलेली शीर फुटली आणि रक्तस्रावाने तिचा मृत्यू झाला. २०१९ मध्ये न्यायवैद्यकाच्या नियतकालिकात हे प्रकरण नोंदवलं गेलं. हे विरळाच घडतं. पण घरातल्या कुणाच्या पायांवर निळ्या गाठी असतील तर त्यांनी गमबुटांशिवाय आत जाऊ नये.

काट्याची जखम वरून बारीक आणि आत खोल असते, आणि काट्यावर विष्ठा-माती लागलेली असतेच. वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान पाच मिनिटं धुवा, दाबून रक्त थांबवा, धनुर्वाताची लस कधी घेतली ते आठवा. डोळ्याजवळ, सांध्यावर किंवा तळहातावर खोल काटा गेला असेल, किंवा दुसऱ्या दिवशी लाली पसरत असेल, तर डॉक्टरकडेच जा.

तीन दिवस नुसती नोंद

लगेच उपायाला धावू नका. एका वहीत तीन दिवस लिहा: किती वाजता, कुठे, कोणावर, हातात काय होतं, अंगावर कोणते कपडे होते, त्याच्या आधीच्या मिनिटात काय घडलं. मारक्या कोंबड्याचा राग सहसा सगळ्या जगावर नसतो. एखाद्या विशिष्ट बुटांवर असतो, हलणाऱ्या बादलीवर असतो, खराट्यावर असतो, घोळदार कपड्यावर असतो. चकचकीत स्टीलच्या बादलीत त्याला आपलंच प्रतिबिंब दिसतं आणि तो दुसरा कोंबडा समजून चाल करतो. रंगीत प्लास्टिकची बादली घेतली की तो प्रश्न तिथेच मिटतो.

वारंवार सापडणारं एक कारण म्हणजे कोंबडी पकडणं. तुम्ही कोंबडी उचलली, ती ओरडली, की तो येणारच. हा त्याचा दोष नाही. कोंबड्या पकडायचं, तपासायचं, औषध द्यायचं काम रात्री काठीवर करा. कोंबड्यांना अंधारात फारसं दिसत नाही, त्या हलत नाहीत आणि ओरडतही नाहीत.

अंगावर आला, त्या क्षणी

लाथ मारू नका, काठीने झोडू नका. छातीचं हाड मोडलं, पाय मोडला तर त्याचा जीव जाऊ शकतो, हे एक. दुसरं म्हणजे त्याच्या लेखी लाथ म्हणजे उलट आलेला कोंबडा. कोंबड्यांची झुंज अशीच चालते: एक उडतो, दुसरा उडतो, एक माघार घेईपर्यंत. तुम्ही मारलंत म्हणजे झुंजीचं आमंत्रण स्वीकारलंत. त्या दिवशी तो हरेल, पण उद्या पुन्हा बघायला येईल.

पळूही नका. पळालात की तो जिंकला आणि उद्याची सुरुवात आजच्यापेक्षा जवळून होईल. दाणे फेकून सुटका करून घेणं तर सगळ्यात वाईट. हल्ला केला की दाणे मिळतात, हे दोन दिवसांत पाठ होतं.

मग करायचं काय? मध्ये फळी धरायची. ६० बाय ७५ सेंटीमीटरचा, ६ मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा तुकडा घ्या. वरच्या कडेपासून पाच सेंटीमीटर खाली हाताची बोटं जातील एवढी लांबट भोकं पाडा आणि कडा घासून घ्या. वजन दीड किलोच्या आसपास भरतं. म्हाताऱ्या माणसालाही पेलतं. प्लायवूड नसेल तर मोठ्या डब्याचं झाकण चालेल.

तो तिरका झाला की तिथेच थांबा आणि फळीची खालची कड जमिनीला टेकवून त्याच्या-तुमच्या मध्ये धरा. त्याच्यावर ढकलायची नाही, आपटायची नाही. उडी मारली तर फळीवर मारू दे. फळी उलट मारत नाही आणि पळतही नाही; तिच्याशी झुंज लागत नाही. बहुतेक कोंबडे दोन-चार उड्यांनंतर थांबतात. तरीही हलू नका, मानेकडे बघत राहा. पिसं बसली, अंग झटकलं, जमिनीवर खरोखर टिपायला लागला किंवा कोंबड्यांकडे तोंड वळवलं, म्हणजे प्रकरण संपलं. त्यानंतर फळी हातात ठेवून दोन-तीन पावलं त्याच्या दिशेने सावकाश चाला, त्याला सरकू द्या, आणि मग तुमचं काम करा. काम झाल्याशिवाय बाहेर पडू नका, कारण हल्ल्यानंतर लगेच बाहेर पडणं त्याला माघार वाटतं.

चूक होते ती इथे: पिसं बसायच्या आधी घाई करून पुढे चाल करतात. तो अजून झुंजीतच असतो, मग पुन्हा उडतो, आणि माणूस वैतागून फळी आपटतो. घड्याळ बघून पूर्ण दोन मिनिटं उभं राहायची तयारी ठेवा.

मूल आत असेल किंवा जखम झाली असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. फळी मध्ये धरून, तोंड त्याच्याकडे ठेवून, पाय घासत मागे सरका आणि दार लावा.

तीन आठवड्यांचा कार्यक्रम

पहिल्या आठवड्यात फक्त वहिवाट बदलायची. वहीत सापडलेली कारणं काढून टाका: बादली, बूट, वेळ. दाण्याचं आणि पाण्याचं प्रत्येकी एकच भांडं असेल तर आणखी एकेक ठेवा, पहिल्यापासून निदान तीन मीटर लांब आणि मध्ये काहीतरी आडोसा येईल असं. खुराड्यात दर पक्ष्यामागे साधारण ०.३५ ते ०.४ चौरस मीटर आणि बाहेरच्या बंदिस्त आवारात एक चौरस मीटर जागा आहे का ते मोजा. दाटीत चिडचिड वाढतेच. आवारात एक-दोन आडव्या फळ्या, फांद्यांचा ढीग, उलटी पेटी ठेवा. नजरेआड व्हायला जागा असली की कळपातली निम्मी भांडणं लागतच नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं फळी घेऊन आत जायचं. एकाच माणसाने नाही. घरात जो जो आत जातो त्या प्रत्येक मोठ्या माणसाने. कोंबडा माणसं वेगवेगळी ओळखतो आणि एकाला मानतो म्हणून दुसऱ्याला मानेल असं नाही. या दहा मिनिटांत त्याच्या मागे लागायचं नाही. इकडून तिकडे चालायचं, पाण्याचं भांडं उचलायचं, उभं राहायचं. तो शांत चरत असताना मूठभर दाणे त्याच्यापासून दोन-तीन मीटरवर, कोंबड्यांच्या घोळक्यात टाका. त्याने ‘कुट् कुट्’ करत त्यांना बोलावलं तर फारच छान; त्या क्षणी त्याला तुमच्यापेक्षा बरं काम मिळालेलं असतं. तिरका झाला असेल तर दाणे नाहीत, फळी आणि थांबणं.

तिसऱ्या आठवड्यात तेच, पण फळी टेकवून न धरता बगलेत ठेवून. शेवटच्या दोन-तीन दिवसांत वाकून उठण्याचा सराव करा, चष्मा लावून. रोजच्या नोंदीत हल्ल्यांचा आकडा उतरत गेला पाहिजे. पहिल्या आठवड्यात दिवसाला चार असतील आणि तिसऱ्यात आठवड्याला एक, तर पुढे चालू ठेवा. आकडा तिथेच अडला असेल तर चौथ्या आठवड्याची आशा धरण्यात अर्थ नाही.

बगलेत धरण्याबद्दल

कोंबड्याला बगलेत दाबून फिरवलं की त्याचा माज उतरतो, असं सांगणारे खूप भेटतात. नुकत्याच वयात आलेल्या, खोडी काढणाऱ्या नरावर याचा उपयोग होतो. मुरलेल्या मारक्यावर होत नाही आणि त्याला दिवसा पकडण्याच्या धडपडीत जखमा मात्र होतात. करायचंच असेल तर संध्याकाळी तो काठीवर बसल्यावर दोन्ही हातांनी पंखांवरून घट्ट पकडा, अंगाशी घ्या, पंख तुमच्या बगलेत आणि दोन्ही पाय एका हाताच्या बोटांत, काटे बाहेरच्या बाजूला. चेहरा त्याच्या चोचीपासून लांब.

छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, नसतं; छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत जाते. घट्ट धरलेला कोंबडा शांत झाला असं वाटतं तेव्हा तो कदाचित गुदमरत असतो. पाय धरून उलटा टांगूनही फिरवू नका. दहा-पंधरा मिनिटं धरलं तरी पुरे; चोच उघडून धापा टाकायला लागला तर लगेच सोडा, कारण कोंबडीला घाम येत नाही आणि गरम दिवसात ती पटकन तापते. सोडताना तो धडपडत असताना नाही, सैल पडल्यावर जमिनीवर पाय टेकवून सोडायचं. धडपडीत सोडलं की धडपडल्याने सुटका होते हेच शिकतो.

मान जमिनीला दाबून ठेवण्याचा प्रकार करू नका. घरात एकाला जमतो, तेवढ्यापुरता दबतो आणि पुढचा हल्ला लहान मुलावर होतो.

काटे बोथट करणं

याने स्वभाव बदलत नाही, जखम कमी होते. कोंबड्यांच्या पाठीसाठीही हे गरजेचं आहे. काट्याच्या आत पायाच्या हाडालाच चिकटलेला जिवंत गाभा असतो, त्यात रक्त असतं. वरचं शिंगासारखं आवरण नखासारखं मेलेलं. वय वाढेल तसा गाभाही लांबतो. म्हणून मुळापासून छाटायचं नाही, फक्त टोक घालवायचं.

संध्याकाळी, दोन माणसांनी. एकाने कोंबडा जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर आडवा धरायचा, डोकं झाकलेलं, एक पाय बाहेर. दुसऱ्याने पाय आणि काटा कोमट पाण्याने पुसून त्यावर थोडं व्हॅसलीन चोळायचं. टॉर्च काट्याच्या मागून धरली तर फिकट काट्यात गाभ्याची सावली दिसते. काळसर काट्यात दिसत नाही, तिथे जास्त जपून. टोकाचे फक्त ३ ते ५ मिलिमीटर कुत्र्यांच्या नखांच्या कटरने काढा आणि मग कानशीने गोल घासा. नुसत्या कानशीनेही काम होतं, वेळ लागतो एवढंच, आणि पहिल्यांदा करणाऱ्याने तेच करावं. विजेवर फिरणारं घासायचं यंत्र वापरत असाल तर एका वेळी दोन-तीन सेकंदच टेकवा, नाहीतर काटा तापतो आणि आतला गाभा भाजतो.

रक्त आलं तर घाबरू नका. चिमूटभर कॉर्नफ्लोअर टोकावर दाबून न हलवता तीन ते पाच मिनिटं धरा. रक्त थांबून डाग धुतला जाईपर्यंत त्याला कोंबड्यांत सोडू नका. लाल दिसलं की बाकीच्या टोचतात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा.

गरम बटाटा काट्यावर खुपसून ठेवायचा आणि मग पकडीने पिळून अख्खं आवरण उपसायचं, हा सल्ला जागोजागी सापडतो. आवरण निघतं खरं, पण खाली उघडा, दुखरा, रक्ताळणारा गाभा राहतो आणि बटाट्याने पायाची कातडी भाजते. एवढा खटाटोप करण्यासारखं त्यात काही नाही.

कोंबड्यांच्या पाठी

कोंबड्यांच्या पाठीवरची आणि मानेमागची पिसं गेली असतील तर बगलेखाली बोट घालून बघा. काट्याने फाटलेली कातडी पंखाखाली लपते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. जखम असेल तर कोंबडी वेगळी काढा. एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाच्या चमच्याने सपाट दीड चमचा, घालून त्याने धुवा. खोल फाटलं असेल तर टाके लागतात.

नुसती पिसं गेली असतील तर जाड सुती कापडाचं पाठकवच शिवता येतं: मध्यम कोंबडीला २० सेंटीमीटर लांब आणि १६-१७ सेंटीमीटर रुंद, दोन पदरी, पुढच्या दोन कोपऱ्यांना पंखांच्या मुळातून जाणारे इलॅस्टिकचे फास. फासात एक बोट सहज गेलं पाहिजे. ओलं झालं तर काढा, आठवड्यातून एकदा खाली किडे बघा. खरा उपाय मात्र नर कमी करणं किंवा कोंबड्या वाढवणं हाच.

दोन नर ठेवायचे तर निदान वीस कोंबड्या आणि दोघांना एकमेकांच्या नजरेआड होता येईल एवढी जागा हवी. एकत्र वाढलेले भाऊ जास्त निभावतात. झुंज लागली तर मध्ये हात घालू नका, फळी घाला आणि एकावर डालगं झाका. कोंबड्या नजरेस न पडतील अशा जागी नुसते नर एकत्र ठेवले तर ते आश्चर्य वाटेल इतके गुण्यागोविंदाने राहतात.

नाद सोडायची वेळ

तीन आठवडे नेमाने करूनही हल्ले थांबले नाहीत, मुलावर एकदा जरी गेला, किंवा पाठीमागून येणारा असेल, तर त्याला काढा. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. कोंबड्या त्याच्याशिवाय तेवढीच अंडी देतात. फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. खच्चीकरणाचा विचार कुणी सुचवेल. कोंबड्याचे वृषण पोटात, मूत्रपिंडांना लागून असतात, म्हणजे ती पोट उघडायची शस्त्रक्रिया आहे. परसातल्या माणसाचं ते काम नाही.

दुसऱ्याला देताना काय आहे ते सरळ सांगा. मुलं नसलेल्या, मोठी जागा आणि भरपूर कोंबड्या असलेल्या ठिकाणी कधीकधी तोच कोंबडा बरा वागतो. कुणी घेत नसेल तर जाणत्या माणसाकडून एका झटक्यात मारून घेणं हे त्याला वर्षभर अंधाऱ्या पिंजऱ्यात ठेवण्यापेक्षा दयेचं आहे. स्वतः पहिल्यांदाच प्रयोग करू नका.

नवा नर निवडताना घाई नको. तीन-चार नर आठ-दहा महिन्यांचे होईपर्यंत सांभाळा आणि मग निवडा. चार महिन्यांचा देवमाणूस सहाव्या महिन्यात काय करेल ते सांगता येत नाही. तुम्ही आत गेलात की एक-दीड मीटर लांब राहणारा, वाट सोडणारा, कोंबड्यांना दाणा दाखवून स्वतः मागे थांबणारा निवडा. धावत येऊन पायाशी घोटाळणारा नको, कितीही देखणा असला तरी.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. कोंबडी नराचं बीज पोटात दोन-तीन आठवडे जपून ठेवते. जुना मारका गेल्याबरोबर नवा आणला आणि खुडूक कोंबडीखाली लगेच अंडी ठेवली, तर काही पिल्लं जुन्याचीही निघू शकतात, स्वभावासकट. जुना गेल्याच्या दिवसापासून चार आठवडे मोजा, तोवरची अंडी घरात वापरा. त्यानंतरच्या अंड्यांवर पेन्सिलीने तारीख घाला आणि तीच उबवायला ठेवा.